रास वृश्चिक, हेड चौकोनी

आमच्या घरात सिलिंडर फक्त गॅसचा असतो आणि हेड फक्त दुखतं. रियाधमध्ये इतकी वर्षं काढली, पण या दोन शब्दांची आपसात गाठ कधी पडली नव्हती. ती पाडली आमच्या घरमालकांनी.

घरमालकांचं नाव अबू नासिर. वय सत्तरीपुढचं, दाढी पांढरीशुभ्र आणि आवाज असा, की "या, चहा घ्या" म्हणाले तरी जागा खाली करायला सांगतायत असं वाटावं. खालच्या मजल्यावर ते राहतात, वर आम्ही. आम्ही म्हणजे मी, बायको अनघा आणि सहावीतली रुचा. खाली अंगणात ताडपत्रीखाली एक प्रचंड वस्तू झाकून ठेवलेली असायची. मी तिला पाण्याची टाकी समजत होतो. (मालकाच्या ताडपत्र्या भाडेकरूनं उचलून बघू नयेत, असे संस्कार आहेत आमच्यावर.)

एका शुक्रवारी अबू नासिरनी ताडपत्री ओढली आणि खालून निघाली गाडी! अमेरिकी, जुनी, हिरवीगार, लांबीला आमच्या नाशिकच्या फ्लॅटच्या हॉलएवढी. तिचं इंजिन म्हणजे आठ सिलिंडरचं धूड. अबू नासिरनी याच गाडीतून आपली नवरी घरी आणली होती. आता नातवाचं लग्न ठरलं होतं आणि आजोबांनी जाहीर केलं होतं, की नवरदेव हॉलवर जाईल तर याच गाडीतून, नाहीतर पायी जाईल! अडचण एकच होती. मध्यंतरी कुणा पुतण्यानं रेडिएटरचं पाणी न बघता गाडी दामटली होती आणि इंजिनाच्या दोन्ही हेडना तडे गेले होते.

"मुहंदिस!" अबू नासिरनी मला हाक मारली. मुहंदिस म्हणजे इंजिनिअर. "यू इंजिनिअर. यू टेल. विच हेड?"

आता खरं म्हणजे मी ताबडतोब सांगायला हवं होतं, की काका, मी इथल्या ओलाया भागातल्या एका बँकेत कॉम्प्युटरवर बसणारा इंजिनिअर आहे. माझ्या गाडीचं बॉनेट उघडायचा खटका कुठं असतो, तेही मला माहीत नाही. पण समोर त्यांचे चार मित्र बसले होते. मधे खजूर होते, कहवा होता आणि आयुष्यात पहिल्यांदा एखादा घरमालक मला भाड्याव्यतिरिक्त काहीतरी विचारत होता! मी कपाळाला आठी घातली, इंजिनाभोवती एक फेरी मारली आणि म्हणालो, "बघावं लागेल. विषय जरा खोल आहे."

चौघांनीही माना डोलावल्या. खलास! मी अडकलो.

"तुला काय कळतं रे त्यातलं?" वर आल्याआल्या अनघानं विचारलं. "परवा वायपरचं पाणी संपलं तर तू इन्शुरन्सवाल्याला फोन लावत होतास."

"तत्त्व सगळीकडे एकच असतं," मी म्हणालो.

"कुठलं तत्त्व?"

"ते आता बघतो ना!"

त्याच वेळी कोपऱ्यातल्या खुर्चीतून आवाज आला, "हेड कशाचं म्हणालात, जावईबापू?"

हे माझे सासरे, अण्णा. एका साखर कारखान्याच्या वर्कशॉपात फोरमन होते, आता निवृत्त. व्हिजिट व्हिसावर आमच्याकडे आले होते आणि भयंकर कंटाळले होते. बाहेर ऊन मी म्हणत होतं, ओळखीचं कुणी नाही, मराठी पेपर नाही. दिवसभर एसीकडे बघत बसायचे. ज्या माणसानं जन्मभर ट्रक आणि ट्रॅक्टर खोलले, त्याला आम्ही रिमोट देऊन बसवलं होतं. अनघाला त्यांची रोज काळजी वाटायची. पण "हेड" हा शब्द कानावर पडला आणि अण्णा खुर्चीत ताठ झाले.

"इंजिनाचं हेड, अण्णा. सिलिंडर हेड."

"हां! म्हणजे सिलिंडर हा डबा आणि हेड हे त्याचं झाकण. चार-चार सिलिंडरला एक, म्हणजे दोन हेडं लागणार. त्यांतून पेट्रोल-हवा आत जाते आणि धूर बाहेर येतो. घ्यायचं तर बिडाचं घ्या!"

"बीड? दॅट्स अ डिस्ट्रिक्ट ना, आजोबा?" रुचानं टॅबमधून डोकं वर न काढता विचारलं.

"अहो अण्णा, बीडहून इकडे कुरिअर यायला किती दिवस लागतील?" अनघा म्हणाली.

"अगं, बीड म्हणजे ओतीव लोखंड! कास्ट आयर्न!" अण्णा कडाडले. "लेकीला एवढी शिकवली आणि ती बिडाचा तवा विसरली!"

त्या दिवसापासून मी अभ्यासाला लागलो. मोबाइलवर व्हिडिओ बघायचे, एवढाच अभ्यास. पहिला माणूस म्हणाला, ॲल्युमिनियमचंच हेड घ्या, हलकं असतं, लवकर थंड होतं. दुसरा म्हणाला, ॲल्युमिनियम घेणारा मूर्ख. तिसऱ्यानं दोघांनाही मूर्ख ठरवलं आणि खरा प्रश्न धातूचा नसून चेंबरचा आहे, ओपन की क्लोज्ड, असं सांगून तो जाहिरातीला निघून गेला. चौथा व्हॉल्व्हबद्दल इतक्या जिव्हाळ्यानं बोलत होता, की मला वाटलं आता रडतो! ऑफिसच्या मीटिंगमध्ये माझ्या वहीवर झाकणांची चित्रं उमटायला लागली. साहेबांनी विचारलं, "हा नवा डॅशबोर्ड का?" मी हो म्हणालो.

शेवटी गाडी ज्यांच्याकडे उघडायची होती, त्या उस्तादांना गाठलं. उस्ताद मूळचे हैदराबादचे, गॅरेज जवळच.

"क्या बोलते साब, कौनसा हेड होना?" त्यांनी मलाच विचारलं.

"तुम्हीच सांगा ना, उस्ताद!"

"मैं तो उमर भर जापानी गाड़ियाँ खोला साब, छोटी छोटी. ये हाथी पहली बार देख रहा हूँ. अबू नासिर बोले, इंजिनियर साब बताते. आप बताओ, मैं कस देता."

म्हणजे अबू नासिर माझ्यावर विसंबले होते, उस्ताद माझ्यावर विसंबले होते, आणि मी अशा एका माणसावर विसंबलो होतो जो जाहिरातीला निघून गेला होता.

इकडे अण्णांचं आणि अबू नासिरांचं मेतकूट जमलं. अण्णांना अरबी येत नव्हतं, अबू नासिरांना मराठी येत नव्हतं, आणि दोघांचं इंग्रजी एकत्र केलं तरी एक वाक्य पुरं होत नव्हतं. पण रोज मावळतीच्या नमाजानंतर अबू नासिर खालून "अन्ना! यल्ला!" अशी आरोळी ठोकायचे, की अण्णा चपला घालून जिना उतरलेच! मग दोघं त्या गाडीपाशी खुर्च्या टाकून कहवा पीत बसायचे. अण्णांनी एसीकडे बघणं सोडलं. दोन घास जास्त जेवायला लागले. अनघा मला हळूच म्हणाली, "काहीही कर, पण ती गाडी नीट होऊ दे." म्हणजे आता माझ्या डोक्यावर एक लग्न होतं, एक घरमालक होता आणि वर सासऱ्यांची तब्येत!

आणि मग तो रास-प्रसंग घडला.

अबू नासिरांचा भाचा अमेरिकेत राहतो. तो लग्नासाठी येणार होता आणि येताना हेडं घेऊन येणार होता. फक्त कुठली ते कळवायचं होतं. मी ऑफिसात. अबू नासिरनी विचार केला, इंजिनिअर नाही तर नाही, इंजिनिअरचा सासरा आहे. त्यांनी अण्णांना विचारलं, "अन्ना, अय्य रास?"

अरबीत रास म्हणजे डोकं, अर्थात हेड. कुठलं हेड, असा साधा प्रश्न. पण अण्णांना वाटलं, लग्नघर आहे, मुहूर्त वगैरे बघत असतील, म्हाताऱ्यानं आपुलकीनं आपली रास विचारली! अण्णा अभिमानानं म्हणाले, "वृश्चिक!"

"व्रिस्चिक?"

"वृश्चिक! एक नंबर!" अण्णांनी अंगठासुद्धा दाखवला.

संध्याकाळी मला अमेरिकेहून फोन. भाचा बिचारा अत्यंत अदबीनं बोलत होता. "सर, सकाळपासून सगळीकडे विचारलं. व्रिस्चिक नावाच्या कंपनीचं हेड इथं कुणालाच माहीत नाही. जर्मन आहे का?"

मी अण्णांकडे पाहिलं. "अण्णा, तुम्ही अबू नासिरना काय सांगितलंत?"

"माझी रास. त्यांनी विचारली म्हणून. मी त्यांची विचारली तर नुसतं डोक्याला हात लावून दाखवत होते. मला वाटलं, मेष असेल!"

अनघा स्वयंपाकघरात जाऊन हसली. मला तेवढीही सोय नव्हती, कारण फोन चालू होता. भाचा म्हणाला, "सर, इथं दोन प्रकारची हेडं तयार आहेत. फोटो पाठवतो. उद्या दुकान बंद व्हायच्या आत सांगा."

दोन फोटो आले. एका हेडची पोर्टं, म्हणजे हवा आत जायची भोकं, लंबगोल होती आणि लहान. दुसऱ्याची चौकोनी, चांगली मोठी. पोर्ट हा शब्द वाचला मात्र आणि मला एकदम धीर आला. अहो, पोर्ट मला माहीत होते! माझी सगळी नोकरीच पोर्टवर चालते. पोर्ट मोठा, तर वाट मोठी. वाट मोठी, तर वेग जास्त. इतके दिवस उगाच घाबरलो, विषय तर माझाच निघाला!

तरी लोकशाही मार्गानं घरात मत घेतलं.

"ऑब्वियसली द बिगर वन, पपा," रुचा म्हणाली.

"खिडकी मोठी असली की हवा जास्त येते," अनघा म्हणाली, "पण धूळही येते हं."

"ते जाऊ द्या. बिडाचं आहे का?" अण्णा.

"दोन्ही ॲल्युमिनियमची आहेत, अण्णा."

"मग मला विचारू नका!" म्हणून अण्णा भिंतीकडे तोंड करून बसले.

मी भाच्याला कळवलं: चौकोनी. त्यानं विचारलं, "सर, शुअर? गाडी रस्त्यावरच चालवायची आहे ना?"

"अर्थात रस्त्यावर," मी म्हणालो. "गाडी दुसरीकडे कुठे चालवणार?" (या वाक्याबद्दल मला अजूनही रात्री अधूनमधून जाग येते.)

हेडं आली. चांदीसारखी चकचकीत! अबू नासिरनी त्यांच्यावरून हात फिरवला आणि मला मिठी मारली. उस्तादांनी ती बसवली. मग कळलं की या हेडांवर जुना मॅनिफोल्ड, म्हणजे हेडात हवा सोडणारा नळ्यांचा जुडगा, बसत नाही, नवा लागतो, आणि नवा चांगला वीतभर उंच. तो मागवून बसवला, तर बॉनेट लागेना! उस्तादांनी दाबून बघितलं, अण्णांनी बसून बघितलं. शेवटी बॉनेट अर्धवट उघडं ठेवून दोरीनं बांधलं. मगरीनं जांभई दिल्यासारखी गाडी दिसायला लागली.

"इंजिन श्वास घेतंय," मी सगळ्यांना समजावलं. आता मला खोटं बोलायची सवयच झाली होती.

लग्नाच्या आदल्या आठवड्यात, एका रात्री चाचणी निघाली. अबू नासिर चाकावर, शेजारी अण्णा पांढऱ्या टोपीत, मागे मी. अनघा आमची छोटी गाडी घेऊन मागून येत होती. ("काही झालंच तर," ती म्हणाली. तिचा माझ्यावर पूर्ण विश्वास आहे. काही होणार, हा.)

अबू नासिरनी किल्ली फिरवली. असा आवाज झाला की शेजारच्या तीन गाड्यांचे भोंगे आपोआप वाजायला लागले! अण्णा आनंदानं ओरडले, "वा!" अबू नासिर ओरडले, "माशाल्ला!" त्यांनी गिअर टाकला आणि गाडी बंद पडली.

पुन्हा चालू. पुन्हा गिअर. पुन्हा बंद. तिसऱ्या वेळी त्यांनी ॲक्सिलेटर बराच दाबून ठेवला. तेव्हा गाडीनं बेडकासारखी उडी मारली, दुसरी मारली आणि आम्ही फाटकाबाहेर पडलो. पुढचा प्रकार थोडक्यात सांगतो. गाडी हळू चालायला साफ नकार देत होती. हळू नेली की ठसका लागून मरायची आणि जोरात रेटली की पिसाळायची. मधलं काही तिला ठाऊकच नव्हतं. आणि आमच्या गल्लीत दर चार घरांमागे एक गतिरोधक! मग अबू नासिरनी युक्ती काढली. एक पाय ब्रेकवर, एक ॲक्सिलेटरवर, दोन्ही एकदम दाबलेले. मागची चाकं जागच्या जागी फिरायला लागली. टायरचा धूर निघाला. गल्लीतली पोरं मोबाइल घेऊन धावत आली आणि टाळ्या पिटत ओरडायला लागली, "यल्ला या अम्म! यल्ला!" म्हणजे, होऊन जाऊ दे काका!

"जावईबापू, हे काय होतंय?" अण्णा दोन्ही हातांनी टोपी धरून ओरडले.

"बँडविड्थ जास्त होतेय, अण्णा!"

"काय?"

तेवढ्यात मागून निळा-लाल दिवा लुकलुकला. पोलीस!

इथं रस्त्यावर चाकं घासत गाडी नाचवणं हा गंभीर गुन्हा आहे. गरम डोक्याची तरणी पोरं त्यात सापडतात. पोलीस त्याच तयारीनं खिडकीशी आला, आत वाकला, आणि त्याला दिसली एक पांढरी दाढी आणि एक पांढरी टोपी. तो पुरता गोंधळला. त्यानं मागच्या सीटवर टॉर्च मारून खरा गुन्हेगार शोधला. तिथं मी होतो.

"कुठं निघालात?" त्यानं अबू नासिरना विचारलं.

"खुब्ज आणायला," अबू नासिर रुबाबात म्हणाले. खुब्ज म्हणजे रोटी!

धूर, टायरचा वास, दोरीनं बांधलेलं बॉनेट. आणि रोटी. पोलिसाच्या चेहऱ्यावर जे भाव आले ते मी जन्मात विसरणार नाही. केस झाली तर माझा इकामा, म्हणजे इथं राहायचा परवाना, माझी नोकरी, अण्णांचा व्हिसा! अण्णांनी मात्र परिस्थिती हातात घेतली. सरकारी माणूस दिसताच खिडकीतून हात जोडून म्हणाले, "नमस्कार साहेब! हेडचा घोळ आहे."

त्यातला "हेड" पोलिसाला कळला. तो तरुण होता, आणि आमचं नशीब असं, की गाड्यांचा वेडा होता. त्यानं दोरी सोडली, आत टॉर्च मारला आणि जो हसत सुटला, तो बॉनेटला धरूनच उभा राहिला! मग त्यानं अबू नासिरना अरबीत समजावलं आणि मला इंग्रजीत. ही हेडं शर्यतीच्या गाडीची. इतकी मोठी भोकं, की इंजिन सुसाट पळत असेल तरच त्यांतून हवा जोरानं आत जाते. हळू चालताना हवा रेंगाळते, पेट्रोल नीट मिसळत नाही, इंजिन गुदमरतं. रस्त्यावरच्या गाडीला लहान भोकंच बरी, हवेला वेग राहतो. "ही निवडली कुणी?" त्यानं विचारलं.

अबू नासिर खानदानी माणूस. त्यांनी फक्त आरशातून माझ्याकडे पाहिलं.

"तुम्ही? काय करता तुम्ही?"

"इंजिनिअर," मी पुटपुटलो. "कॉम्प्युटर."

पोलीस पुन्हा बॉनेटला धरून उभा राहिला. मागून आलेली अनघा गाडीतून उतरली होती. तिनं विचारलं, "काय म्हणतायत रे ते?" मी म्हणालो, "कौतुक करतायत."

त्यानं आम्हाला ताकीद देऊन सोडलं, पण गाडी तिथून ओढून न्यायला लावली. अबू नासिर रस्त्याच्या कडेला उभे राहून ती क्रेनवर चढताना बघत होते. एवढा आवाजाचा माणूस, पण बॉनेटची सुटलेली दोरी नुसती हातात गुंडाळत होता. मला फार वाईट वाटलं. मी जवळ जाऊन सॉरी म्हणालो. ते म्हणाले, "मालेश, मुहंदिस." म्हणजे, असू दे. त्यांनी रागावायला हवं होतं, तेवढंच मला बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी पोलिसानं सांगितलेल्या जुन्या गाड्यांच्या भंगारबाजारात अबू नासिर, अण्णा आणि उस्ताद निघाले. मीही बूट घातले.

"आप आराम करो साब," उस्ताद घाईघाईनं म्हणाले. "धूप बहुत है."

संध्याकाळी तिघं परतले ते काळेकुट्ट आणि खूष. एका मेलेल्या मालट्रकच्या तशाच इंजिनाची दोन हेडं मिळाली होती. पोर्टं इतकी लहान, की त्या धंद्यात त्यांना शेंगदाणा म्हणतात! खरंच! "मूँगफली वाला हेड साब, एकदम फिट बैठता," उस्ताद म्हणाले. अण्णांनी एका हेडवर हातोडी टण्णकन वाजवली आणि माझ्याकडे बघून एकच शब्द उच्चारला, "बीड!"

जुना मॅनिफोल्ड बसला, बॉनेट लागलं. किल्ली फिरवल्यावर इंजिन असं गुरगुरलं, जसं जेवण झालेलं मांजर! गतिरोधकावरून गाडी पालखीसारखी गेली. अबू नासिरनी अण्णांच्या दोन्ही गालांचे मुके घेतले. अण्णा लाजले आणि मग मान तिरकी करून, शास्त्र म्हणून, त्यांनीही एक घेतला.

लग्नाच्या संध्याकाळी गाडी फुलांनी सजली. बायकांचा हॉल वेगळा, म्हणून अनघा आणि रुचा आमची गाडी घेऊन, मालकीणबाईंना बसवून आधीच गेल्या होत्या. अंगणात नवरदेव मागे बसला, शेजारी त्याचे वडील. पुढं चाकावर अबू नासिर आणि त्यांच्या बाजूला, कडक इस्त्रीचा झब्बा घातलेले अण्णा. मागं एक जागा मोकळी होती. मी हसतमुखानं दार उघडायला गेलो.

आतून खटका पडला.

काच चार बोटं खाली आली. अबू नासिर अत्यंत प्रेमानं म्हणाले, "मुहंदिस, यू कम टॅक्सी. कार... कार अफ्रेड."

गाडी निघून गेली. अण्णांनी खिडकीतून हात हलवला, अगदी बाहेरगावी निघालेल्या पाहुण्यासारखा. मी सूट घालून कोपऱ्यावर गेलो आणि टॅक्सी थांबवली. ड्रायव्हर लखनौकडचा, बोलका. सिग्नलला गाडी थांबली तसा तो कान देऊन म्हणाला, "भाईसाहब, इंजन से कुछ खड़खड़ आ रही है, सुन रहे हैं? वैसे आप क्या काम करते हैं?"

"मैं?" मी खिडकीबाहेर बघत म्हणालो. "मैं तो बच्चों को मराठी कविता पढ़ाता हूँ!"